ताटाशेजारच्या चाव्या

आमच्या मयूर विहारच्या घरात आम्ही चौघं राहत होतो आणि पाचवी एक इटलीची बाई. ती मरून काही शतकं लोटली होती, पण जेवणाच्या वेळी हमखास हजर असायची. तिचं नाव डोना फुल्विया. आईने पहिल्याच आठवड्यात तिची फुलाबाई करून टाकली. बाबांनी दोन दिवस कुरकुर केली आणि मग तेही फुलाबाईच म्हणायला लागले. फुलाबाई एका डोंगराळ संस्थानाची राणी होती. संस्थान म्हणजे केवढं, तर कड्यावर तटबंदीचं एक गाव, त्याखाली थोडी खेडी, द्राक्षांचे मळे आणि उन्हाळ्यात आटणारी एक नदी. "आपल्या हिंगणघाट तालुक्याच्या निम्मंसुद्धा नसेल," असं बाबा म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हिंगणघाट तालुका यांच्याच मालकीचा आहे. मालकीचं तिथे आमचं काही नव्हतं. आजोबा कापसाच्या जिनात हमाली करायचे, आणि बाबा शिकून दिल्लीला आले होते.

फुलाबाई आमच्याकडे आली ती बाबांना रांगांचा तिटकारा होता म्हणून. बाबा एका मंत्रालयात क्लार्क होते. ऑफिस सुटलं की त्यांचे सहकारी समोरच्या हिरवळीवर पत्ते कुटत बसायचे आणि बाबांना पत्त्यांचं वावडं. स्कूटर तेव्हा यायची होती, आणि लगेच घरी निघावं तर बसमध्ये मुंगी शिरायला जागा नाही. तेवढी गर्दीची वेळ टळावी म्हणून त्यांनी संध्याकाळच्या वर्गात एखादी परकी भाषा शिकायचं ठरवलं. नाव घालायला गेले तर फ्रेंचच्या खिडकीपुढे ही भली मोठी रांग, जर्मनच्याही, आणि इटालियनची खिडकी रिकामी. आतला माणूस पेंगत होता. बाबा त्याला उठवून आत गेले. "रांगेत उभं राहून जे मिळतं ते सगळ्यांनाच मिळतं," असं ते नंतर ऐटीत सांगायचे. मग एका रविवारी दर्यागंजच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक जाडजूड इटालियन पुस्तक मिळालं. शेवटची पानं उसवून गेलेली होती. त्यात तिकडच्या लहान लहान संस्थानांच्या हकिगती होत्या, आणि सगळ्यांत शेवटी, अर्धीच उरलेली, फुलाबाईची. बाबांनी बाकीच्या राजांना हातही लावला नाही.

एका दिवाळीला नागपूरहून बबनकाका आले होते. बाबांचे धाकटे भाऊ. पाठीला पाठ लावून आलेले, बाबांच्या शब्दाबाहेर नसलेले, पण चेष्टा केल्याशिवाय घास न उतरणारे. "काय दादा, आपल्या इकडच्या राण्या सरल्या का, म्हणून इटलीची आणून राहिला?" त्यांनी विचारलं. बाबा शांतपणे म्हणाले, "आपल्या राण्यांची नावं गावोगावच्या शाळांना आहेत. हिचं नाव कोण घेतं? आपणच." काका हसले, पण मग पूर्ण हकिगत त्यांनी मांडी घालून ऐकली. परवा माझ्या नातीने तिच्या फोनवर फुलाबाईला पुष्कळ शोधलं. नाही सापडली. मला त्याचं वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

बाबा आठवडाभर शब्दकोश उघडून एक पान फोडायचे आणि रविवारी जेवताना ते आम्हाला वाढायचे. रविवारी आमच्याकडे पाटोडीची रस्साभाजी असे, नाहीतर वडाभात, त्यावर हिंग-मोहरीचं कढत तेल आणि कडेला जवसाची चटणी. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. उन्हाळ्यात कूलरच्या खसच्या ताट्यांचा ओला वास सगळीकडे भरलेला असायचा. वरच्या मजल्यावरचे लोक टीव्ही मोठ्याने लावायचे, खालून कुणीतरी पोरांना हाका मारायचं, "ओए, ऊपर आ जा," आणि यमुनेच्या पुलावरून गाडी गेली की तिचा आवाज उशिरा आमच्यापर्यंत पोचायचा. या सगळ्यावर ताण म्हणजे आईचं लाटणं. आम्ही घडीच्या टेबलाशी बसायचो, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद. टेबलाला खुर्च्या चार होत्या, पण चौथीवर इस्त्रीचे कपडे. आई पोळ्या करायची, गरम पोळी ताटात टाकायची आणि हकिगत स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायची. तिचं जेवण आमचं आटोपल्यावर, ओट्याशीच. कधी बसून, बहुतेक वेळा उभ्याने. यात काही विशेष आहे असं आमच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं, आणि ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर दारासमोर होती आणि समतेवर वाद झडत होते त्या घरातलं मी सांगते आहे.

बाबांचा एक नियम होता. पुस्तकात नाही ते सांगायचं नाही. मिलिंद विचारायचा, "बाबा, फुलाबाईचा घोडा कुठल्या कलरचा होता?" बाबा म्हणायचे, "लिहिलेलं नाही." "अच्छा, मग अंदाजे सांगा ना यार." "अंदाज म्हणजे थाप." ती कशी दिसायची, ठाऊक नाही. तिला गाणं आवडायचं का, ठाऊक नाही. पण तिने खेड्यांचं पाणी कसं वाटून दिलं, पुराच्या साली पूल कुठे बांधला, हे सगळं ठाऊक. म्हणूनच ती आम्हाला खरी वाटायची, ऑफिसातल्या एखाद्या कडक वरिष्ठ बाईसारखी.

त्या पुस्तकात एक रिवाज होता आणि तो बाबांनी उचलून घरात आणला. फुलाबाईच्या गावाला एकच वेस. मिलिंद दिल्लीत वाढलेला, त्याने विचारलं, वेस म्हणजे? "गावाचं गेट," बाबांनी सांगितलं. तर संध्याकाळी वेस बंद झाली की द्वारपाल चाव्या घेऊन वाड्यात यायचा आणि राजा जेवायला बसला असेल तिथे, त्याच्या ताटाच्या उजव्या बाजूला ठेवायचा. राजा विचारायचा, "कोणी बाहेर राहिलं?" द्वारपाल म्हणायचा, "कोणी नाही." मग राजा पहिला घास घ्यायचा. हा प्रश्न विचारायचा मान फक्त राज्यकर्त्याचा. आता बाबांचं असं होतं की ते चाव्या रोज हरवायचे. घराची, गोदरेजच्या कपाटाची, स्कूटरची, सगळ्या एका जुडग्यात, आणि तो जुडगा कधी फ्रिजवर तर कधी बाथरूममध्ये. सकाळी निघताना रोजचा तमाशा. रिवाज वाचल्याबरोबर त्यांनी मला द्वारपाल नेमलं. जेवणाआधी मी खाली स्कूटरचं लॉक बघायची, जाळीचं दार लावायची आणि जुडगा बाबांच्या ताटाशेजारी ठेवून म्हणायची, "वेशीचं दार बंद झालं, महाराज." बाबा विचारायचे, "कोणी बाहेर राहिलं?" "कोणी नाही." "जेवा." अकरावी-बारावीत मला याची लाज वाटायला लागली होती, मैत्रीण आलेली असली तर मी पुटपुटायची, पण चुकवलं कधी नाही. चाव्या हरवायच्या थांबल्या हेही खरं.

फुलाबाईचा नवरा तापाने गेला त्या भागाला आम्ही दोन रविवार दिले. मुलगा लहान. नवऱ्याचा भाऊ शेजारच्या शहरातून घोडेस्वार घेऊन आला आणि वाड्यात राहिला. वाईट माणूस नव्हता, असं बाबांनी मुद्दाम सांगितलं. पुस्तकात तसंच लिहिलं होतं. त्याला वाटत होतं, बाईमाणसाला कसं जमणार, पोर मोठं होईतो आपण बघू. दरबारी लोक वाट बघत होते की कोण काय जाहीर करतं. फुलाबाईने काहीच जाहीर केलं नाही. तिकडच्या चालीप्रमाणे विधवेने वर्षभर आपल्या खोलीत एकटीने जेवायचं. त्या संध्याकाळी ती काळ्या कपड्यात खाली आली आणि आपल्या नेहमीच्या जागेवर जेवायला बसली. दीर समोर बसलेला. द्वारपाल चाव्या घेऊन आला आणि दोन ताटांच्या मधे उभा राहिला. इथे बाबा थांबले, कारण पुढच्या ओळीतला एक शब्द त्यांच्या शब्दकोशात नव्हता. आम्ही आठवडाभर कळ काढली. मिलिंद तर रोज शाळेतून आल्यावर विचारायचा. पुढच्या रविवारी बाबांनी सांगितलं की तो शब्द सरकवणे असा होता. फुलाबाईने वर बघितलं नाही. तिने आपलं ताट जरा डावीकडे सरकवलं, उजवीकडे जागा झाली, आणि द्वारपालाने चाव्या तिथे ठेवल्या. तिने विचारलं, "कोणी बाहेर राहिलं?" आणि मग ती सूप प्यायली.

"एवढंच?" मिलिंद म्हणाला. बाबा म्हणाले, "एवढंच. दीर भांडणार कशाशी? जाहीर तर काही झालंच नव्हतं. सकाळी तिने द्वारपालाला चाव्या परत दिल्या, वेस उघडली, राज्य सुरू." आई पोळी उलटत होती. ती तिकडूनच म्हणाली, "तिला ताटावर बसायला जागा तरी होती." बाबांनी मान हलवली आणि भाजी वाढायला सांगितली.

पुढच्याच वर्षी, माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात, बाबा ऑफिसातून परत आले नाहीत. छातीत दुखलं आणि टेबलाशीच गेले. त्यावर मी फार लिहिणार नाही. मला ते अजून लिहिता येत नाही. बबनकाका रात्रभराचा प्रवास करून आले आणि सगळं त्यांनीच निस्तरलं. पुण्यानुमोदनाला पांढऱ्या कपड्यांत ओळखीचे किती लोक आले, त्रिसरण म्हणताना भंतेजींच्या आवाजाच्या वर काकांचा रडका आवाज ऐकू येत होता. त्यांनी पहिल्याच दिवशी चाव्यांचा जुडगा खुंटीवरून काढून खिशात टाकला. कुणी मागितला नाही, त्यांनी विचारलं नाही. घरात पुरुष माणूस तेच, म्हणून दारही तेच लावायचे, आणि जेवायला बाबांच्या खुर्चीवर बसायचे, कारण रिकामी तीच होती. माझं द्वारपालाचं काम आपोआप सुटलं. जुडग्याच्या आवाजाने ते खोलीत आल्याचं कळायचं आणि दर वेळी मला क्षणभर भलतंच वाटायचं.

मग बाबांच्या ऑफिसातले बडे बाबू घरी येऊन गेले. गेलेल्या माणसाच्या घरातल्या एकाला नोकरी मिळते, त्याबद्दल सांगायला. "भाभीजी, घर में सलाह कर लीजिए, सोमवार तक बता दीजिए किसके नाम से करना है." ते आईशी बोलत होते आणि उत्तर काकांनी दिलं. काकांचा बेत तयार होता. नोकरी मिलिंदच्या नावाने राखून ठेवायची, तो मोठा होईतो. तोवर सगळ्यांनी नागपूरला यायचं. फ्लॅट भाड्याने, स्कूटर शेजाऱ्यांना. "वरची खोली तुमच्यासाठी मोकळी करून ठेवली वहिनी. तुमच्या जावेनं चुना लावून घेतला. तुम्ही एकट्या या परक्या गावात काय करान? मी मेलो का?" हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं, म्हणून तर त्यांना नाही म्हणणं कठीण. मी नॉर्थ कॅम्पसच्या एका कॉलेजात प्रवेशासाठी अर्ज केला होता, नाव लागेल असं वाटत होतं. काका म्हणाले, नागपूरला काय कॉलेजं नाहीत? आहेत, उत्तम आहेत.

त्या शुक्रवारी दुपारी आई गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली. आम्ही दोघी घड्या घालत होतो. आई मॅट्रिक झालेली होती, बाबांशी लग्न झालं त्या वर्षीच. चादरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं तिच्या. ती चादरीकडे बघत म्हणाली, "मला ती नोकरी करायची आहे." मी म्हटलं, "मग काकांना सांग ना." "काय सांगू? सांगितलं की ते समजावणार. समजावलं की मी रडणार. रडले की झालंच." तिने घडी माझ्या हातात दिली. "तिकिटं काढून आलेत ते, सोमवारी रात्रीची." तिला सुचत नव्हतं ते मला काय सुचणार होतं.

रविवारी आईने वडाभात केला. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच केला. पोळ्या तिने आधीच करून डब्यात ठेवल्या हे मी बघितलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. आमची ताटं मांडली. काका बाबांच्या खुर्चीवर, मिलिंद, मी. आई बाहेर आली आणि चौथ्या खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलून तिने पलंगावर नेऊन ठेवले. मग आत जाऊन आपलं ताट आणलं, टेबलावर ठेवलं आणि बसली. चौघांची ताटं त्या टेबलावर मावत नव्हती. मिलिंदचं ताट कडेला आलं. मिलिंद माझ्याकडे बघायला लागला. काका जरा गोंधळले. "बसा जी, बसा," ते म्हणाले, "पण पोळ्या?" "झाल्यात," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "सुजाता, दार लावलंस का?"

मी म्हटलं, दार रोज काका लावतात. "आज तू लाव." मी उठून जाळीचं दार ओढलं. कुलपाला चावी हवी होती. मी परत टेबलाशी येऊन काकांसमोर उभी राहिले. काकांनी खिशात हात घातला आणि जुडगा दिला. तेवढं त्यांना अगदी साधं वाटलं असणार. कुलूप लावून मी आले आणि मग मला कळलं की मी कुठे उभी आहे. एका बाजूला काकांचं ताट, दुसऱ्या बाजूला आईचं, आणि जुडगा माझ्या हातात. काकांचा हात अर्धा पुढे आला होता. आईने वर बघितलं नाही. तिने आपलं ताट जरा डावीकडे सरकवलं.

मी चाव्या तिथे ठेवल्या. त्यांचा आवाज जरा जास्तच झाला. "वेशीचं दार बंद झालं," मी म्हटलं, आणि पुढचा शब्द काय म्हणावा ते न कळून थांबले. आईने विचारलं, "कोणी बाहेर राहिलं?" तिचा आवाज नेहमीचाच होता, भाजीत मीठ आहे का विचारताना असतो तसा. मी "कोणी नाही" म्हटलं. ते खोटं होतं आणि टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं. मिलिंद रडायला लागला. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जेवा."

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मी द्वारकेहून दर रविवारी मेट्रोने तिच्याकडे जाते. एकच गाडी, पण दिल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती त्याच घरात राहते, त्याच मंत्रालयातून निवृत्त झाली, आणि जुडगा अजून तिच्या ताटाशेजारी असतो. फुलाबाईचा मुलगा मोठा झाल्यावर तिने त्याला राज्य दिलं की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही, ती पानं नव्हतीच. मिलिंद आता पन्नाशी ओलांडलेला माणूस. तो येतो तेव्हा आईला विचारतो, "आई, मी सज्ञान कधी होणार?" आई म्हणते, "ते पान फाटलंय."

त्या रविवारी काका त्या चाव्यांकडे बघत होते. दिवाळीत त्यांनी दिराची हकिगतही मांडी घालून ऐकली होती, ते विसरले नव्हते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "मग सोमवारी बडे बाबूले काय सांगू?" "तुम्ही नका दगदग करू भाऊजी. मी जाणार आहे. सुजाता येईल सोबत, मग तिच्या कॉलेजात जाऊ." समजावायला काकांनी तोंड उघडलं होतं, मी बघितलं, पण समोर आई जेवायला बसलेली होती आणि जेवणाऱ्या माणसाला समजावायची आमच्याकडे पद्धत नाही. कूलर घरघरत होता. सगळ्यांची ताटं रिकामीच होती. वाढणारी बाई टेबलाशी बसली आहे, आता वाढणार कोण, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी उठणार इतक्यात काका उठले. जन्मात कधी त्यांनी हातात पळी धरली नसेल. ते आत गेले, भाताचं पातेलं दोन्ही हातांनी धरून घेऊन आले, बाबांच्या खुर्चीला वळसा घालून आईच्या उजव्या बाजूला, चाव्यांजवळ, उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, वाढू का जी?"

"वाढा," आई म्हणाली.